फ्लोअरिंगची फळी कातरण्याआधी चौकट कापा

महोदय,

चतुर्थीआधी घर सजवण्याच्या घाईत गोव्यात हल्ली लाकडी फ्लोअरिंगही उरकले जाते. खोलीच्या मधल्या भागात फळ्या कोणीही नीट बसवतो. कारागिराचा हात कळतो तो दाराच्या चौकटीपाशी आणि दगडी खांबापाशी. तिथे फळी चौकटीच्या आकारात कातरून घट्ट बसवायची आणि वरून सिलिकॉन फासायचे, असा सर्रास प्रकार दिसतो. याला आमचा आक्षेप आहे.

एकमेकींत अडकवलेल्या तरंगत्या, म्हणजे जमिनीला खिळे वा गोंदाने न जोडलेल्या, फळ्या एकसंध पत्र्यासारख्या सरकतात. अस्सल लाकूड मुख्यतः रुंदीत फुगते, लॅमिनेट (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्या) दोन्ही दिशांना. चारही भिंतींशी १० मिलीमीटर जागा सोडली आणि एकाच चौकटीला फळी टेकली, तरी जुलैत सगळा रेटा त्या जागी अडतो आणि फळ्या मधोमध उचलल्या जातात. भर पावसात बसवलेल्या फळ्या आधीच फुगलेल्या असतात. त्या हिवाळ्यात आकसतात आणि सिलिकॉन कडेने सुटते. लोटली-चांदरच्या जुन्या घरांतल्या माडीच्या फळ्यांखाली मोकळी हवा असते. आपण मात्र थेट स्लॅबवर फळ्या टाकतो, म्हणून खाली २०० मायक्रॉनचे प्लास्टिक एकमेकांवर २० सेंटिमीटर चढवून, टेप मारून घालावेच लागते.

चौकटीचे काम असे करावे. फळ्यांखाली अंथरायच्या फोमचा तुकडा आणि त्यावर फळीचा तुकडा चौकटीला लागून ठेवावा, म्हणजे नेमकी उंची मिळते. ८ मिलीमीटरची फळी आणि २ मिलीमीटरचा फोम असेल तर १०. वर जाड कागदाची एक घडी ठेवावी, नाहीतर फळी आत सरकताना अडते. त्यावर बारीक दातांची करवत आडवी टेकवून चौकटीत साधारण २० मिलीमीटर आत खाच घ्यावी. फळी १० मिलीमीटर आत जाते आणि उरलेले १० तिला हलायला राहतात. चौकट आरपार कापायची गरज नसते. भिंतीत होल्डफास्टने (लोखंडी पट्ट्यांनी) धरलेली चौकट एवढ्या खाचेने सैल होत नाही. जुन्या घरात भिंतीचा भार चौकटीवर असेल तर मात्र हात लावू नये. ग्राइंडर इथे नकोच, लाकूड जळते आणि पाते कोपऱ्यात पोचत नाही. कोपऱ्यासाठी मल्टिटूल (थरथरत्या पात्याचे विजेचे हत्यार) किंवा पटाशी वापरावी. खाचेतला भुसा पूर्ण काढावा आणि उघडे पडलेले लाकूड वाळवीच्या औषधाने व प्रायमरने बंद करावे. पोछ्याचे पाणी तिथूनच वर शोषले जाते.

खाचेखाली फळी तिरकी करून लॉक (फळी शेजारच्या फळीत अडकवणारी कड) लावता येत नाही. अशा वेळी लॉकची उभी कड पटाशीने तासून, सांध्यात पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद लावून फळी आडवी ओढून घ्यावी. यात ओढपट्टीच (फळीच्या कडेला अडकवून ओढायची वाकडी लोखंडी पट्टी) कामाची. हातोड्याने थेट ठोकले तर कड फुटते.

परदेशी व्हिडिओंत फायरप्लेसच्या दगडी कडेभोवती फळ्या बसवलेल्या दिसतात. आपल्याकडे ती अडचण चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खांबाशी आणि ग्रॅनाइटच्या पायरीशी येते. उपाय दगडावर ठरतो. चिरा मऊ असतो, त्यात ग्राइंडरने १२ मिलीमीटर उंच आणि २० खोल खाच घेऊन फळी आत सरकवता येते. चिऱ्याची कड वाकडीतिकडी असली तरी मग फरक पडत नाही. ग्रॅनाइटमध्ये हे परवडत नाही. तिथे पुठ्ठ्याचा नमुना कापून जागा एकसारखी सोडावी आणि बुचाची पट्टी भरावी, ती दाबली जाते आणि परत फुगते. सिमेंट किंवा पुट्टी भरली तर जागा सोडल्याचा उपयोगच संपतो. उंबरठ्याला कापू नये, झाकूही नये. त्याच्या अलीकडे जागा सोडून कडपट्टी लावावी. ही पट्टी स्लॅबला स्क्रू करायची, फळीला नाही.

हे सगळे वेळखाऊ आहे आणि खरी गोम इथेच आहे. काम चौरस फुटाच्या दराने दिले जाते, त्यात दाराचा एक चौरस फूट आणि खोलीच्या मधला एक चौरस फूट सारखाच धरतात. मग कारागीर चौकटीपाशी वेळ का घालवील? ग्राहकांनी कोटेशनमध्ये प्रत्येक चौकटीचा आणि खांबाचा दर वेगळा लिहून घ्यावा, दाराचे पल्ले खालून तासण्याचा खर्चही त्यातच धरावा.

– लाकडी फ्लोअरिंगचे काही कारागीर, फोंडा