ट्रॉली म्हणजे ब्रास नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि कडेने जास्वंद-मोगऱ्याला वाफे काढायचे, असं यंदा ठरवलं. मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरही फिरवून झाला. त्यावर पसरायला क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, हवी होती. किती मागवू, असं मिस्त्रींना विचारलं. त्यांनी अंगणावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "तीन ब्रास सांगा ताई, कमी पडायला नको." ब्रास म्हणजे 100 घनफूट. मी तीन ब्रास सांगितली. घरोघरी असंच होत असणार, म्हणून हे पत्र.

मी चाळीस वर्षं शिलाईकाम करते. अंगाला टेप लावल्याशिवाय कुणाला कापड किती लागेल ते सांगत नाही. अंगणाला मात्र टेप लावली ती पैसे देऊन झाल्यावर. 30 फूट लांब, 18 फूट रुंद, म्हणजे 540 चौरस फूट. ब्लॉकखाली थर दोन इंचांचा, म्हणजे फुटाचा सहावा हिस्सा. 540 ला 6 ने भागलं की 90 घनफूट, म्हणजे एका ब्रासपेक्षाही कमी. ठोकून दाबल्यावर वाळू खाली बसते, सांध्यांत भरावी लागते, थोडी सांडते. त्यासाठी पाव हिस्सा जास्त धरला तरी सव्वा ब्रासच्या आतच काम होतं.

दोन ट्रॉल्या मी नसताना ओतून गेल्या होत्या. तिसरी आली तेव्हा फाळका, म्हणजे मागची फळी, खोलायच्या आत चढले. आतून लांबी 10 फूट, रुंदी 6 फूट. मधे वाळूचा उंचवटा दिसत होता. फावड्याने सपाट करायला लावली आणि खाली लोखंड लागेपर्यंत सळई खुपसली. 16 इंच भरली. म्हणजे 80 घनफूट. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, ट्रॉली म्हणजे ब्रासच धरतात." कोण धरतं, कधीपासून, याला उत्तर नव्हतं.

शिवाय माल ओला होता. सुती कापड पाण्यात आटतं, वाळूचं उलटं आहे. ओलसर वाळू फुगते, कारण कणाकणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात. पूर्ण पाण्यात बुडाली की ही फूग उतरते. हे घरी पाहता येतं. सरळ काठाच्या डब्यात मी आठ इंच ओली वाळू भरली, दुसऱ्या भांड्यात काढली, डब्यात निम्मं पाणी घेतलं आणि तीच वाळू हळूहळू परत सोडून ढवळली. निवळल्यावर मोजली, तर साडेसहा इंच. दीड इंच नुसती फूग! तिचेही पैसे वाळूच्याच भावाने दिले होते.

मापात कमी येऊनही काम संपल्यावर दारात जवळपास ब्रासभर ढीग उरलाच. कुणाला हवी का म्हणून विचारेपर्यंत वळीव कोसळला. निम्मा ढीग वाहून गटारात गेला, गटार तुंबलं आणि पाणी शेजारच्यांच्या पायरीपर्यंत आलं. दोन दिवस माणूस लावून गाळ उपसला. ही क्रश सँड कुठला तरी डोंगर फोडून आलेली. नदीच्या वाळूचं काय झालं ते आम्ही कराडकर कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर उभे राहून बघतोच आहोत. जपून वापरायची वस्तू अंदाजाने मागवून गटारात घालवली, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

राज्य सरकारने 2023 मध्ये वाळूचा दर जाहीर केला तो 600 रुपये ब्रास असा. सरकारचं स्वामित्वधनही (रॉयल्टी) ब्रासवरच घेतलं जातं. मग ग्राहकाच्या दारात ब्रास मोजून का मिळू नये? पेट्रोल पंपावर आपण माप तपासून मागू शकतो. वैधमापन विभागाने प्रत्येक ट्रॉली आणि डंपरच्या फाळक्यावर आतली लांबी, रुंदी आणि एक ब्रास किती उंचीला भरतो ती रेघ रंगवणं सक्तीचं करावं. पावतीवर नुसतं 'ट्रॉली 3' न लिहिता घनफूट लिहावेत. माझ्या त्या 10 बाय 6 च्या ट्रॉलीत ही रेघ 20 इंचांवर आली असती. ती असती तर मला चढावंही लागलं नसतं.

आपली,
एक शिलाई कारागीर, कराड (जि. सातारा)