समुदाय सहभागाचे साठ तास गावाच्या उपयोगी पडावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत ‘समुदाय सहभाग’ हा विषय श्रेयांकांसह (क्रेडिटसह) आला. बहुतेक ठिकाणी तो दोन श्रेयांकांचा आणि ५० गुणांचा आहे. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचे ६० तास. वर्गात १२० मुले असतील तर एका सत्रात ७,२०० तास होतात. आजूबाजूच्या गावांच्या वाट्याला एवढे हात येतात, आणि त्यातून पुष्कळदा हाती लागते ती चाळीस प्रश्नांची सर्वेक्षण-पत्रिका, फलक धरून काढलेला फोटो आणि ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र. हा विषय शिकवणारे म्हणून आम्हाला हे मनापासून खटकते.

पहिला घोळ होतो तो राष्ट्रीय सेवा योजनेशी. ‘रासेयो’ १९६९ पासून आहे. तिथे स्वयंसेवक स्वतःहून नाव देतो, वर्षाला १२० तास काम करतो, सात दिवसांच्या शिबिराला जातो. श्रमदान हे तिथले रास्त काम आहे. समुदाय सहभाग मात्र सगळ्यांना सक्तीचा आणि गुणांचा, त्यामुळे त्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा विषय उतरायला हवा. रसायनशास्त्राच्या मुलाने समाजमंदिराची भिंत रंगवली तर सेवा झाली, पण तो रसायनशास्त्र शिकला नाही, आणि गावालाही त्याच्या शिक्षणाचा काही लाभ झाला नाही.

दुसरा घोळ सर्वेक्षणाचा. कॉलेजच्या वेळेत, ११ ते २ मध्ये, मुले घरोघर जातात. तेव्हा कर्ती माणसे शेतावर असतात आणि घरी भेटतात म्हातारी माणसे व लहान मुले. उत्पन्नाचा प्रश्न आला की रेशनकार्डाचा रंग बदलेल या धास्तीने आकडा कमी सांगितला जातो. गेल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजने हेच विचारून नेलेले असते आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगितलेले नसते. मग उत्तरे उरकून दिली जातात, त्यांचे तक्ते होतात आणि ते कपाटात जातात.

यापेक्षा एकच प्रश्न घ्यावा, तो गावाने सांगितलेला असावा, आणि सत्रभर मोजावा. पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनचे उदाहरण देतो, कारण त्याला लागणारे साहित्य स्वस्त आहे आणि जवळजवळ प्रत्येक गावात नळयोजना आहे.

काम ओटी टेस्टचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे थेंब टाकून पाण्यातला क्लोरीन मोजण्याचे. जागा तीन: टाकीजवळचा नळ, मधले एक घर आणि वाहिनीच्या टोकाचे घर. गावकुसाबाहेरची वस्ती बहुधा टोकालाच असते, म्हणून तिसरी जागा कधीही वगळू नये. पाणी सुटते त्या वेळी हजर राहायचे. पुष्कळ गावांत ही वेळ सकाळी सहा-सातची असते. नळ मिनिटभर वाहू द्यावा, नळी खुणेपर्यंत भरावी, किटवर लिहिले असतील तेवढे थेंब टाकावेत आणि पिवळा रंग सावलीत, पहिल्या दहा सेकंदांत पट्टीशी ताडून पाहावा. उशीर केला तर संयुक्त, म्हणजे पाण्यातल्या इतर द्रव्यांशी जोडला गेलेला, क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन हवा. ओटीचे द्रावण विषारी असते, तेव्हा हातमोजे घालावेत आणि तपासलेले पाणी वेगळ्या बाटलीत गोळा करून कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणावे.

खरे शिक्षण शून्य आकडा आल्यावर सुरू होते. टाकीजवळच शून्य असेल तर टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकलेले नाही, किंवा उघड्या पोत्यात त्यातला क्लोरीन उडून गेला आहे, किंवा टीसीएलचे द्रावण टाकीत मिसळून अर्धा तास थांबण्याआधीच पाणी सोडले गेले. टाकीजवळ ठीक आणि टोकाला शून्य असेल तर वाहिनीत घाण शिरत असण्याची शक्यता मोठी. गळती शोधायची, कुठे पाइप गटारातून गेला आहे ते पाहायचे.

वाणिज्य शाखेच्या मुलांनाही याच कामात जागा आहे. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम ताजे टीसीएल लागते. ५०,००० लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर दिवसाला २५० ग्रॅम, म्हणजे २५ किलोचे पोते १०० दिवस पुरायला हवे. साठा नोंदवहीत तेच पोते आठ महिने चाललेले दिसले तर पाण्यात काय पडते आहे ते कळतेच. पाणीपट्टीची वसुली आणि पंपाचे वीजबिल शेजारी-शेजारी मांडले की टीसीएलला पैसे का उरत नाहीत तेही दिसते. कला शाखेच्या मुलांनी टोकाच्या घरांतल्या बायकांशी बोलावे: पाणी किती वेळ येते, साठवतात कशात, गाळतात की उकळतात.

इथे एक सावधगिरी हवी. टीसीएल टाकणारा जलसुरक्षक तुटपुंज्या मानधनावर राबत असतो. मुले वही घेऊन थेट मोजायला लागली की त्याला ती तपासणी वाटते, आणि मग नोंदवही सापडत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे, टेस्ट त्याच्या हातून करवून घ्यावी. गावाच्या पाण्याला मिळालेले, त्यातला धोका किती ते सांगणारे लाल, पिवळे वा हिरवे कार्डही त्याच्याच सोबतीने समजून घ्यावे.

साठ तासांची वाटणी आम्ही अशी सुचवतो. १० तास वर्गात: किट हाताळणे, कॉलेजच्याच नळावर सराव, प्रश्न कसा विचारायचा याची तयारी. ३० तास गावात, तीन-तीन तासांच्या दहा भेटी. १२ तास नोंदी जुळवायला आणि ८ तास गावापुढे मांडणी व फेरभेटीला. वीस विद्यार्थ्यांची एक तुकडी, पाच-पाच जणांचे चार गट, आणि गटांनी वेगवेगळ्या दिवशी जावे. म्हणजे एका गावाच्या ४० दिवसांच्या नोंदी मिळतात. असा तक्ता पुष्कळ ग्रामपंचायतींकडे नसतो. शहरातल्या कॉलेजांनी हेच एखाद्या चाळीतल्या ओल्या कचऱ्याबाबत किंवा वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाबाबत करावे.

निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय गुण देऊ नयेत. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्याने बंधनकारक आहेत आणि १ मे व २ ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखांपैकी दोन आहेत. सम सत्राचे काम एप्रिलच्या मध्यापर्यंत आणि विषम सत्राचे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवले, विषयपत्रिका निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) पत्र दिले, तर हे जमते. ऑक्टोबरची सभा विशेष महत्त्वाची, कारण ‘आमचं गाव, आमचा विकास’ या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची पुढच्या वर्षासाठीची चर्चा त्याच सुमारास सुरू होते. अहवाल मराठीत, एका पानाचा, मोठ्या अक्षरांत असावा. त्यात घरमालकांची नावे किंवा जाती नकोत. मुलांचे व बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

गाव दरवर्षी बदलू नये, हेही महत्त्वाचे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुले दत्तक गावात शिबिराला राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढेही त्याच कुटुंबांकडे जाणे सुरू राहते. ओळख अशीच मुरते. पदवी महाविद्यालयाने निदान तीन वर्षे एकच गाव धरावे. यंदाच्या तुकडीच्या नोंदवहीवर पुढची तुकडी काम करील.

५० गुणांपैकी १५ मोजणीच्या कच्च्या नोंदींना, १५ गावापुढच्या मांडणीला, १० रोजनिशीला आणि १० तोंडी परीक्षेला द्यावेत. कच्च्या नोंदी मागितल्या की घरी बसून भरलेले आकडे लगेच ओळखू येतात, कारण ते फार एकसारखे असतात.

आता अडचणी. एका प्राध्यापकाकडे १२० मुले दिली तर वर सांगितलेले काहीच होणार नाही. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासारखी वीस जणांची तुकडी धरून कार्यभार मोजला पाहिजे. सकाळी सहाला गावात गेलेल्या शिक्षकाचे तास वेळापत्रकात दिसले पाहिजेत. प्रवासखर्चही आहे: एसटीचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्यापुरताच असतो, गावाचे भाडे मुलांच्या खिशातून जाते. मुलींना महिला म्हणून निम्मे तिकीट लागते, तरी दहा भेटींचा भार मजुरी करणाऱ्या घराला जाणवतो. गाव दहा किलोमीटरच्या आत निवडावे आणि भाड्याची तरतूद कॉलेजने करावी.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना आमची विनंती आहे की पुढच्या सत्राचे मूल्यमापनाचे नियम ठरवताना शिक्क्याच्या प्रमाणपत्राची अट काढावी आणि तिच्या जागी ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत मागावी.

आपले नम्र,
समुदाय सहभाग विषय शिकवणारे काही प्राध्यापक