गोट्याच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

काल आमच्या गोट्या कासवाने स्वतःहून गाजराचा कीस खाल्ला, दोन्ही डोळे टक्क उघडे होते आणि मला रडूच आलं, म्हणून आजच लिहायला बसले.

मुलगा पाचवीत असताना हे कासव घरात आलं, रुपयाच्या नाण्याएवढं, डोळ्यांमागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला वाडग्यात ठेवा, सुकी कोळंबी टाका, याला बाकी काही लागत नाही. किती मोठं होतं, किती वर्षं जगतं, एका शब्दाने बोलला नाही. आता मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे आणि गोट्या जेवणाच्या ताटाएवढा होऊन माझ्याकडे आहे. डोळे सुजून बंद झाले, खाणं सुटलं, तेव्हा ज्या डॉक्टरांकडे आधी नेलं त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणे कासवाला काय औषध द्यायचं, गोदावरीत सोडून द्या, पुण्य लागेल. अहो पुण्य कसलं? तुम्हीच सांगितलंत ना की ही जात अमेरिकेतली, नदीत सोडली की आपल्याकडच्या मऊ पाठीच्या कासवांच्या तोंडचा घास पळवते. आणि आजारी, आंधळा झालेला जीव नदीत सोडायचा हे बोलवतं तरी कसं!

तुमच्याकडे आलो तेव्हा थंडी होती. इंजेक्शन भरून झालं आणि तुम्ही ते लगेच टोचलं नाहीत, सिरिंज मुठीत धरून बसलात. मला वाटलं कशाची तरी वाट बघताय. मग म्हणालात, हिचं अंग बाहेरच्या गरमीवर चालतं, थंड औषध का घालायचं आत. बाहेर पेशंटची रांग आणि तुम्ही एका कासवासाठी मूठ मिटून शांत बसलेल्या, दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या पाठीवर. औषधं कुणीही लिहून देईल हो, पण ती मूठ मी जन्मात विसरणार नाही. (आणि हो, पुढच्या पायांची आखूड नखं बघून गोट्या मादी आहे हेही तुम्हीच सांगितलंत, नाव मात्र गोट्याच राहणार.)

अ जीवनसत्त्व कमी पडलं होतं, पाठ मऊ पडत होती, खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची ट्यूबच लागते आणि ती पेटत असली तरी वेळेवर बदलायची, हे सगळं तुम्ही न चिडता समजावलंत. शेवटी हळूच विचारलंत, नीट सांभाळलं तर ही जात ३०-४० वर्षं जगते, तुमच्यानंतर कोण बघणार? मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. शेजारी विचारतात ते खर्चाचं, कासवासाठी एवढे पैसे कशाला म्हणून. मी साठीकडे आलेय मॅडम, हिचं अजून निम्मं आयुष्य बाकी आहे. त्या रात्री मुलाला फोन केला, पुतणीशीही बोलले, आणि तिने आपणहून हो म्हटलं. आता दर रविवारी येऊन पाणी बदलायला शिकतेय.

जगात भली माणसं आहेत हो, फक्त आजारी जीव घेऊन दारोदार फिरल्यावरच कोण कसं ते कळतं.

पुढच्या महिन्यात वजन करायला आणते. मुलगा सुट्टीवर येतोय, त्यालाही तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
गोट्याची आई, नाशिक