शनिवारी रात्रीपासून मुख्य सर्व्हर बंद

सभासदहो,

येत्या शनिवारी रात्री ११ वाजता बॅकअप सर्व्हरमधल्या १६ जीबीच्या चार रॅम काढून मुख्य सर्व्हरमध्ये बसवणार आहोत. तिथली मेमरी ६४ वरून १२८ जीबी होईल. दोन्हीकडे डीडीआर४ रजिस्टर्ड ईसीसी (सर्व्हरसाठीची, डेटातल्या चुका ओळखून सुधारणारी) रॅमच आहे, हे तपासलंय. रजिस्टर्ड आणि साधी रॅम एकत्र चालत नाही.

- साडेदहापर्यंत फाइली सेव्ह करून लॉगआउट करा.
- मदतीला येणाऱ्यांनी आधी दोन्ही सर्व्हरच्या पॉवर केबल काढाव्यात आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच रॅमला हात लावावा. स्थिर विजेचा झटका आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्याने चिप कायमची जाऊ शकते.

नंतर मेमटेस्ट (रॅम नीट चालते का याची चाचणी) चालेल, त्याला बरेच तास लागतात. त्यामुळे मुख्य सर्व्हर रविवारी संध्याकाळीच सुरू होईल. कृपया त्याआधी कुणीही तो चालू करू नये.