पेन्सिलीने गोल केलेली खुर्ची

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. मुंबईत नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत प्लॅनवर बसणाऱ्या माणसाला सगळे ‘काका’च म्हणतात, आणि खिडकीतून आम्हाला दिसतो तो तुमचा हात, चष्मा आणि कानावरची पेन्सिल. पत्र जाहीर लिहितोय, कारण खिडकीपाशी आभार मानायची सोय नाही. ‘थँक्यू’ तोंडातून निघेपर्यंत तुम्ही ‘हां, पुढचे’ म्हणालेले असता.

नाटकाला नुकतेच जाऊ लागलेले कुणी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी सांगतो. प्लॅन म्हणजे नाट्यगृहातल्या खुर्च्यांचा छापील तक्ता. दर प्रयोगाला नवा, कोरा. पेपरातल्या जाहिरातीत ‘प्लॅन सुरू’ असं येतं ते याचंच. तुमच्या खुणा तीन: विकलेल्या खुर्चीवर काट, सांगून ठेवलेलीला पेन्सिलीचा गोल, आणि निर्मात्याच्या पाहुण्यांसाठी राखलेल्या चार-सहा खुर्च्यांभोवती चौकट. पाहुणे नाही आले तर ती चौकट अगदी शेवटी सुटते. म्हणून बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड लागलेला असला, तरी एकट्या माणसाने लगेच घरी जायचं नाही. चौघांनी मात्र जायचं.

हाच तक्ता आता ॲपवर रंगीत चौकोनांत दिसतो. बुकिंग सोपं झालं, ते बरंच झालं. पण ॲपमध्ये सगळे चौकोन सारखे. कुठला चौकोन बाल्कनीच्या पोटाखाली आहे आणि कुठल्या चौकोनाशेजारचं दार उशिरा येणाऱ्यांसाठी वीस मिनिटं उघडत-मिटत राहतं, ते त्यात नसतं. ते तुमच्याकडून कळलं. आभार त्याचे.

‘पहिली रांग द्या’ म्हटलं की तुमचा ठरलेला प्रश्न: ‘काय बघायचंय?’ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आगाऊपणा वाटतो. पण हिशोब साधा आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतात आणि रंगमंच तीन-साडेतीन फूट उंच. म्हणजे पहिल्या रांगेतून रंगमंचाची जमीन जवळजवळ दिसतच नाही, दिसते ती तिची कड. त्या कडेवर माइक ठेवलेले असले की नटाचे पाय घोट्यापर्यंत गायब. दोन माणसांच्या विनोदी नाटकाला हे चालतं, कारण तिथे चेहरा हवा असतो. कथक, भरतनाट्यम, लावणी असेल तर पैसे पाण्यात. पदन्यासाची नक्षी वरूनच दिसते, म्हणून सातव्या-आठव्या रांगेच्या मागे, नाहीतर सरळ बाल्कनीत पुढे. इथे तुम्ही आणखी एक पाचर मारता: माणूस उंचीने कमी असेल तर बाल्कनीची पहिली नाही, दुसरी. पहिलीत कठडा नेमका डोळ्यांसमोर येतो, मग दोन तास पुढे वाकून बसायचं, आणि पुढे वाकलेल्या माणसाच्या मागच्याला काहीच दिसत नाही.

कडेच्या खुर्च्यांचंही तसंच. दिवाणखान्याचा सेट म्हणजे तीन भिंती. डाव्या टोकाला बसलं की डाव्या भिंतीवरचं काही दिसत नाही आणि डावा मागचा कोपराही जातो. नाटकातलं महत्त्वाचं दार त्याच भिंतीत असलं, तर प्रत्येक प्रवेशाला माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. तुम्ही दुपारी नेपथ्याचा टेम्पो उतरताना रंगमंच कामगारांशी दोन शब्द बोलता आणि संध्याकाळी खिडकीतून सांगता, ‘दार डावीकडे आहे, तुम्ही उजवीकडे बसा.’ हे वाक्य कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं?

पण सगळ्यात मोठा उपकार बाल्कनीखालच्या रांगांबद्दलचा. तिथली तिकिटं खपतात, कारण तक्त्यावर ती तळमजल्याची असतात आणि तळमजला म्हणजे चांगला, असा समज. प्रत्यक्षात आवाज दोन वाटांनी येतो: थेट रंगमंचावरून, आणि मुख्य छतावर, भिंतींवर आपटून. बाल्कनीच्या खाली खोलवर बसलं की दुसरी वाट जवळजवळ बंद होते. शब्द पोचतात, पण दबून, उशीतून आल्यासारखे. वर टांगलेले स्पीकर बाल्कनीच्या कडेआड गेले तर आणखी वाईट. तुमची कसोटी आम्ही आता प्रत्येक नाट्यगृहात लावतो: खुर्चीत बसायचं, मान वर करायची. मुख्य छत दिसलं तर बसायचं, डोक्यावर बाल्कनीचं पोट दिसलं तर दोन-तीन रांगा पुढे मागायच्या. नाही मिळाल्या तर त्याच पैशात वर जायचं, बऱ्याचदा कमी पैशात. याउलट, ध्वनी सांभाळणारा माणूस प्रेक्षागृहातच टेबल मांडून बसला असेल तर त्याच्या पुढची रांग डोळे मिटून घ्यावी. तो त्याच्या कानाला जे बरोबर वाटतं तेच ठेवतो.

संगीत नाटकाला सगळं पुन्हा बदलतं. ऑर्गन (म्हणजे पायपेटी) आणि तबला रंगमंचासमोर किंवा विंगेला लागून असतो. त्याच्या डोक्यावर बसलं तर गाणाऱ्याचा आवाज ऑर्गनखाली जातो आणि तान ऐकायची तर पायपेटीची खरखर ऐकू येते. गिरगावात केळेवाडीत साहित्य संघाच्या नाट्यगृहात (१९६४ सालचं, डॉ. भालेरावांच्या नावाचं) जायचं, तर वाद्यं कुठल्या बाजूला मांडलीत ते विचारूनच तिकीट काढायचं, ही सवय तुमच्यामुळे लागली. चर्नी रोडला पूर्वेकडे उतरून चालत जाता येतं. वाटेत काही खायचं असेल तर आधी खावं, नंतर गिरगाव लवकर झोपतं.

ऑपेरा हाऊसचं तिकीट तुमच्या खिडकीवर मिळत नाही, तरी तुम्ही तिथलंही सांगता, हा तुमचा मोठेपणा (आणि थोडी हौस). १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा त्याचं बांधकामही पुरतं झालं नव्हतं. पुढे बालगंधर्व, पृथ्वीराज कपूर तिथे उभे राहिले. सिनेमाही तिथे लागायचा. १९९३ मध्ये दारं बंद झाली आणि २०१६ मध्ये आभा लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडली. तिथे नवखा माणूस हमखास बाजूच्या सोनेरी बॉक्सवर भाळतो. तुमचं मत स्पष्ट आहे: बॉक्स हे दिसण्यासाठी असतात, बघण्यासाठी नाही. तिरक्या कोनातून अर्धा रंगमंच जातो. फोटो काढायचा तर आधी काढावा आणि बसायला समोर यावं. आणि अर्धा तास आधी पोचावं, कारण घुमटाचं नक्षीकाम दिवे असेतोवरच आहे. मध्यंतरात बघू म्हणणाऱ्याचं मध्यंतर प्रसाधनगृहाच्या रांगेत संपतं.

गाण्याच्या मैफलींबाबत आमची सगळ्यात जास्त अक्कल तुम्ही घडवली. ख्यालाच्या मैफलीत तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे आपल्या डावीकडे. म्हणून तबला बघायचा असणारा डावीकडची खुर्ची मागतो आणि मग त्याला तबलजीची कूस दिसत राहते. तबलजी गायकाकडे वळून बसलेला असतो, त्याची बोटं दिसतात ती उजवीकडच्या माणसाला. हे कागदावर काढून बघितलं तेव्हा पटलं.

सुरुवातीची ती लांबलेली जुळवाजुळवही तुम्ही समजावलीत. तंबोरे ग्रीनरूममध्ये लावलेले असतात, पण रंगमंचावर वातानुकूलनाच्या झोतात तारा आकसतात आणि स्वर चढतो. दिव्यांखाली त्याच तारा तापल्या की उतरतो. तबल्याचं चामडं पावसाळ्यातल्या दमटपणाने सैल पडतं, म्हणून हातोडी. ही पाच-सात मिनिटं प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं, कारण गायक त्यातच स्वर शोधत असतो. नेमक्या त्याच वेळी अर्धं सभागृह ‘अजून सुरू नाही झालं’ म्हणून गप्पा मारतं. काका, यावर तुमच्याकडेही उपाय नाही, हे ठाऊक आहे.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए कलाकेंद्राचं टाटा थिएटर (१९८०, वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनिरचना सिरिल हॅरिस) भारतीय संगीत डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलं. प्रेक्षक पंख्यासारखे पसरलेले, त्यामुळे रंगमंच कुठूनच फार लांब नाही. तिथे मधल्या रांगांचा हट्ट धरायचं कारण नाही, कडेचं स्वस्त तिकीट चालतं. षण्मुखानंद सभागृहाचं उलट. अडीच हजारांहून जास्त खुर्च्या आणि दोन बाल्कन्या. तिथे वरच्या बाल्कनीतून गाणं ऐकायचं म्हणजे स्पीकरचं गाणं ऐकायचं, आणि उतार असा की पायऱ्या उतरताना गुडघे बोलतात. जुहूच्या पृथ्वी थिएटरला प्रेक्षक तीन बाजूंनी रंगमंचाला बिलगून असतात आणि उशीर झाला की आत घेत नाहीत. तिथे खुर्चीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं.

घड्याळावरून आठवलं. पहिली घंटा साधारण पंधरा मिनिटं आधी, तिसरीला पडदा. तुमचा नियम असा की पहिल्या घंटेला प्रसाधनगृह, दुसरीला खुर्ची. तिसरीला रांगेत शिरणारा दहा गुडघे हलवतो आणि नाटकाचं पहिलं वाक्य दहा जणांचं जातं. बायकांची रांग कायम मोठी असते, तिथे पहिल्या घंटेचीही वाट बघू नये. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाला वर चढायचं असतं, तेव्हा प्लाझा टॉकीजसमोर पोचलो म्हणजे पोचलो असं धरू नये; गुडघेदुखीवाल्याला आणखी पाच मिनिटं द्यावीत.

रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला रेल्वेचा मेगाब्लॉक बघितल्याशिवाय निघू नये. मध्य आणि हार्बरवर ब्लॉक बहुतेक दुपारी चारच्या आसपास संपतो, आणि प्रयोगही चारचा. डोंबिवलीचं कुटुंब दुसऱ्या अंकाला येऊन टेकतं ते याच कारणाने. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की दादर-परळची टॅक्सी विसरावी आणि लोकलनेच यावं. छत्री पिशवीत, पिशवी खुर्चीखाली. पण कुरकुरणारी प्लॅस्टिकची नको, कापडी. खोकल्याची गोळी पडदा उघडायच्या आधीच कागदातून काढून ठेवावी. मोबाइल व्हायब्रेटवर नाही, बंदच. खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवलेला मोबाइल थरथरला की तो तीन रांगांना ऐकू जातो.

बटाटावड्याबद्दल वाद नको. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहाचा की शिवाजी मंदिरचा, यावर आमच्यातच दोन तट आहेत. तुमचा सल्ला मात्र दोन्हीकडे लागू: मध्यंतराचा दिवा लागताच पळणारे आणि सगळ्यात शेवटी जाणारे, दोघांनाही गरम मिळतो. मधल्यांना रांग मिळते.

परळचा दामोदर हॉल १९२२ पासून गिरणगावात होता. नमन, शक्ती-तुरा या लोककला बघायला कोकणातली माणसं तिथे यायची. २०२३ मध्ये तो पुनर्विकासासाठी बंद झाला. तिथलं कुठून काय दिसतं, कुठला खांब आड येतो, ते तिथल्या माणसांना तोंडपाठ होतं. तसं तुमचं तोंडपाठ आम्ही लिहून ठेवायला घेतलंय. प्रत्येक नाट्यगृहाचा एक कोरा प्लॅन मिळवायचा आणि त्यावर तुमच्याच पद्धतीने खुणा करायच्या: काट म्हणजे टाळा, गोल म्हणजे घ्या. चूक असेल तिथे खोडरबर तुम्ही चालवा.

आपले,
खिडकीपलीकडचे

ता. क. – येत्या रविवारी चारच्या प्रयोगाला आम्ही पाच जण आहोत. त्यात एकाचा गुडघा आखडतो, त्याला पाय लांब करायला वाटेकडेची खुर्ची हवी, उजवा पाय वाटेत येईल अशा बाजूची. बाकी चार कुठेही, बाल्कनीच्या पोटाखाली सोडून. पेन्सिलीनेच गोल करा. मेगाब्लॉक बघून शनिवारी पक्कं सांगतो.