गाइडचा दुखरा खांदा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मालवण-तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंगवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. पर्यटकांनी काय काळजी घ्यावी हे त्यात नीट आले आहे. पण पर्यटकाचा हात धरून त्याला खाली नेणाऱ्या गाइडबद्दल एक ओळही नाही. डीकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे खोल पाण्यातून घाईने वर आल्यावर अंगात बुडबुडे होऊन जडणाऱ्या आजाराचा, खरा धोका आपल्या किनाऱ्यावर त्यालाच आहे.

हौशी पर्यटक एकदाच, पाच-सात मीटर खोल, थोडी मिनिटे जाऊन येतो. त्याला हा आजार होण्याची शक्यता फारच कमी. (वर येताना त्याने श्वास मात्र रोखू नये. आतली हवा फुगून फुप्फुसाला इजा होते आणि त्याला एवढी खोलीही पुरते.) गाइड एकाला बोटीवर सोडतो आणि लगेच दुसऱ्याला घेऊन उतरतो. हंगामात दिवसभर हेच चालते.

समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे किनाऱ्यावर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत जातो. सावकाश वर आले तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाई केली की जागच्या जागी त्याचे बुडबुडे होतात. हे बुडबुडे बहुधा फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून विरतात. पण मध्येच पुन्हा बुडी मारली तर दाबाने बारीक होऊन ते धमन्यांत निसटू शकतात आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. म्हणून खोली कमी असली तरी सतत वर-खाली करणे वाईट. त्यात ऊन आणि दिवसभर पोटात न गेलेले पाणी.

या आजाराने संध्याकाळी गाइडचा खांदा ठणकू लागतो, केस विंचरायला हात वर जात नाही. घरचे म्हणतात, सिलिंडर उचलून भरून आला असेल, बाम चोळ, गोळी घे आणि झोप. सकाळी पुन्हा बोट! लक्षणे बहुतेकदा काही तासांत, फार तर एका दिवसात दिसतात. पायांना मुंग्या आल्या, लघवी अडली, तर मज्जारज्जूला इजा झाली असे समजून धावाधाव करायला हवी.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके 1908 मध्येच दिली. तरीही होंडुरासमध्ये शेवंडांसाठी बुड्या मारणारे मिस्किटो जमातीचे कित्येक तरुण याच आजाराने कायमचे पांगळे झाले. मालक पुरेशी साधने न देता त्यांना खोल उतरवत राहिले. 2021 मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने तिथल्या सरकारला जबाबदार धरले. आपल्याकडे ती वेळ येण्याची वाट कशाला पाहायची?

उपचार ठरलेला आहे. रुग्णाला आडवे झोपवून मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन लगेच सुरू करायचा आणि हायपरबेरिक चेंबर, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणारी बंद खोली, गाठायचे. तिथे साधारण अठरा मीटर खोलीइतका दाब देऊन ऑक्सिजनवर ठेवतात. एका बैठकीला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात, कधी अशा अनेक बैठका कराव्या लागतात. ‘परत खाली गेलं की बरं वाटतं’ म्हणून पुन्हा पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. नौदलाच्या कुलाब्यातील अश्विनी रुग्णालयात चेंबर आहे, पण मालवणहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. रुग्णाला घेऊन घाट चढला किंवा विमान उंच गेले तर बाहेरचा दाब कमी होऊन बुडबुडे आणखी फुगतात. त्यामुळे कुठल्या वाटेने, कसे न्यायचे हे आधीच ठरलेले असायला हवे.

पर्यटन खात्याने आणि बंदर विभागाने पुढच्या हंगामाआधी एवढे करावे: गाइडने दिवसात किती वेळा उतरायचे याला मर्यादा घालावी आणि त्याची नोंदवही तपासावी. प्रत्येक बोटीवर ऑक्सिजन आणि तो देता येणारा माणूस असावा. तालुक्यातल्या डॉक्टरांनी सांधेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला ‘आज पाण्यात किती वेळा उतरलास?’ हे पहिल्यांदा विचारावे. चेंबरचा दूरध्वनी क्रमांक जेटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा.

आपला,
एक वाचक, मालवण