ब्रेस्ट एमआरआय पॅकेजमध्ये कशाला?

महोदय,

ऑक्टोबर आला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून आमच्या नेरुळ-सीवूड्सपर्यंत स्तनकर्करोग तपासणीची शिबिरे भरतात. भरावीतच. पण यंदा आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलेल्या पॅकेजमध्ये तिशीपुढच्या सरसकट सगळ्या महिलांना ‘ब्रेस्ट एमआरआय’ सवलतीत, तोही ‘कोणत्याही दिवशी’, देऊ केला आहे. एमआरआय विभागात नोकरी केलेल्या माझ्यासारखीला हे वाचून गप्प बसवेना.

या तपासणीत गॅडोलिनियमचे, म्हणजे चित्रात उजळून दिसणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन शिरेतून देतात. कर्करोगाच्या गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे गाठ ते औषध झटकन ओढून घेते आणि उजळते. मात्र पाळीच्या चक्रातल्या काही दिवसांत निरोगी स्तनही उजळतो. म्हणून शक्यतो सातव्या ते चौदाव्या दिवसात बोलावतात. मूत्रपिंडाचा आजार, पेसमेकर, गर्भारपण यांची चौकशी वेगळीच. फलकावर यातले अक्षरही नाही.

एमआरआय फार बारीक पाहतो, आणि साधी गाठही संशयित ठरवतो. मग पुन्हा सोनोग्राफी, बायोप्सी आणि निकाल येईपर्यंत घरभर घोर. उलट चुन्याचे जे सूक्ष्म कण कर्करोगाची पहिली खूण असू शकतात आणि मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रेत) दिसतात, ते यात दिसत नाहीत.

खरी गरज कोणाला? बीआरसीए या स्तनकर्करोगाशी निगडित जनुकात दोष असलेल्या, आयुष्यभराचा धोका २० टक्के किंवा अधिक असलेल्या, तरुणपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या महिलांना दरवर्षी, मॅमोग्राफीच्या जोडीने. कर्करोग सापडल्यावर तो किती पसरला, शस्त्रक्रियेआधीच्या केमोने गाठ किती आटली, हे पाहायला. काखेत कर्करोगाची गाठ पण मॅमोग्राफी स्वच्छ, अशा कोड्यात. सिलिकॉन इम्प्लांट फुटल्याची शंका असली तरी करतात, तिथे इंजेक्शनही लागत नाही.

बाकीच्यांसाठी साधी वाट आहे. टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईत दीड लाखाहून अधिक महिलांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलेल्या गटात पन्नाशीपुढच्या महिलांचे स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. शिबिरात हे का होत नाही? त्यात विकण्यासारखे काही नसते म्हणून, दुसरे काय!

आयोजकांनी निदान अर्जात आई, बहीण, मावशी, आत्या यांच्या आजाराबद्दल विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर त्या महिलेला सवलतीचे कूपन न देता जनुकीय समुपदेशनाला पाठवावे. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र, अॅक्ट्रेक, काही लांब नाही.

– एक निवृत्त एमआरआय तंत्रज्ञ, नेरुळ, नवी मुंबई